बिडाचा बेडही पिळतो

“एवढ्या-तेवढ्या कामाला आख्खं लेथ कशाला घ्यायचं?” काकांनी फोनवर विचारलं. लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कातायचं मशीन. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये शिरा, जुना बुश दाखवा, गप्पा मारेपर्यंत नवा हातात पडतो. इथे इंग्लंडमध्ये मला तसं शेड अजून मिळालेलं नाही. एका नगासाठी आधी ड्रॉइंग मागतात, मग कोटेशन, मग वाट बघायची. शिवाय माझे हात शिवशिवत होते, हेही तितकंच खरं.

घेतलं ते मायफोर्ड एमएल-७. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये बनलेलं, १९४६ साली बाजारात आलेलं मॉडेल. सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून फिरत्या अक्षाची उंची, साडेतीन इंच, बेताचं आणि घरगुती वर्कशॉपमध्ये मावणारं. विकणारे आजोबा निवृत्त फिटर. इथली माणसं तुटक असतात असं आपण म्हणतो, मीही म्हणत आलोय. पण या माणसाने आटे पाडताना बदलायचे सगळे चेंज गिअर दातांच्या क्रमाने तारेत ओवून ठेवले होते आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधली होती. स्पिंडल, म्हणजे काम फिरवणारा दांडा, व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूच्या बेअरिंगमध्ये फिरतं आणि त्याला वरच्या ऑइलरमधून थेंब थेंब तेल मिळतं. म्हणून आधी तेल, मग स्विच, हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. पैसे मोजून झाल्यावरही ते चक (काम पकडणारा भाग) उतरवायला थांबले, पाचरी निवडून दिल्या आणि गाडीत मशीन बांधताना लीडस्क्रूवर, म्हणजे लांब आट्यांच्या दांड्यावर, दोरी येऊ दिली नाही. मुलगी सासरी पाठवावी तसं त्यांनी ते मशीन पाठवलं.

वायरिंगचं फारसं सांगण्यासारखं नाही. इथे घरात बहुतेक सिंगल फेजच येते आणि जुनी सिंगल फेज मोटर त्यावर चालते.

खरं काम लेव्हलिंगचं. गवंड्याची स्पिरिट लेव्हल इथे उपयोगाची नाही. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी लेव्हल लागते, आणि तीही फक्त सुरुवातीला. लेथ जमिनीशी समांतर असण्यापेक्षा त्याच्या बेडला, म्हणजे सगळं ज्यावर बसतं त्या लांब पाट्याला, पीळ नसणं महत्त्वाचं. जहाजावरच्या लेथला कुठली आलीय लेव्हल? बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, बेड आपल्याला दगडासारखा वाटतो, पण एका पायाचा बोल्ट जरा जास्त आवळला तरी तो पिळतो आणि काम टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळतं, निघतं.

तपासायचं ते प्रत्यक्ष कट घेऊन. चकमध्ये जाड बार धरायचा, टेलस्टॉकचा, म्हणजे चकसमोरच्या टोकाचा, आधार द्यायचा नाही. बाहेरच्या भागाच्या दोन्ही टोकांना कॉलर, म्हणजे जाड पट्टे, ठेवून मधला भाग उतरवायचा. मग धारदार टूलने, टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडला हात न लावता, दोन्ही कॉलरवरून एकच बारीक कट घ्यायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. टेलस्टॉककडची कॉलर जाड आली, तर त्या टोकाचा पुढचा पाय किंचित उचलायचा. बेडचं ते टोक मागे कलतं आणि टूल कामाच्या अक्षाजवळ सरकतं. बारीक आली तर उलट. माझ्याकडे फरक दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) होता, म्हणजे ०.०५ मिमी. पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्रा, सारायची, बोल्ट आवळायचा, पुन्हा कट, पुन्हा माप. शेवटी मायक्रोमीटर दोन्हीकडे सारखंच बोलू लागला, तेव्हा फार बरं वाटलं.

आपल्याकडच्या कित्येक शेडमध्ये लेथ एकदा फाउंडेशनला ठोकलं की त्याकडे कोणी बघत नाही, हे मान्य. पण तिथले टर्नर त्याच पिळलेल्या बेडवर फाइल आणि पॉलिशपेपरने मापात काम काढून देतात. ते कसब मी कमी लेखणार नाही. आजोबांकडे संध्याकाळ मोकळी असायची. उद्यमनगरातल्या माणसाच्या दारात गिऱ्हाईक उभं असतं. माझ्याकडे वेळ आहे, मग मी मशीनच सरळ करणार.

इथल्या गॅरेजात थंडीत बिडावर दमटपणा धरतो, म्हणून काम संपलं की बेड पुसून तेलाचा हात फिरवावाच लागतो. आणि नवीन बसवलेले पाय काही दिवसांत थोडे दबतात, त्यामुळे पुढच्या महिन्यात त्या कॉलर परत एकदा कातायच्या आहेत.