रातच्या लाईनवर दीड इंचाचा गेम

हरभऱ्याचं ओलीत आमच्याकडे अर्धं रात्रीच होते. दारव्हा तालुक्यात गाव. शेतीची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत मोटार सुरू करायची, स्प्रिंकलर फिरू लागले की तीनेक तास बसायचं, मग गारठलेले पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात जोडायचे आणि परत बसायचं. या बसण्यात डोळा लागला की कारभार आटोपला. एखाद्या नोझलमध्ये कचरा अडकतो, तेवढा तुकडा कोरडा राहतो, आणि रानडुकरं तर वाटच पाहत असतात. मोबाइलवर वेळ काढावा तर विहिरीकडे रेंज नाही, आणि पहाटे डीपीवरचा फ्यूज गेला की नेमकी मोबाइलचीच बॅटरी उतरलेली.

म्हणून दिवाळीला पुण्याच्या चुलतभावाकडून त्याचा वापरलेला हँडहेल्ड घेतला, अडीच हजारांत. जुने व्हिडिओ गेम चालवणारा, चिनी बनावटीचा, ॲल्युमिनियमचा तुकडा. पडदा 1.54 इंच. पँटच्या खिशात फुगीर दिसला तर आईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "डबी कायची होय रे? खर्रा खाऊन राहिला का?" तिला मारिओ पळताना दाखवला तेव्हा कुठे विश्वास बसला. तोही अर्धवटच.

घेतल्यावर दोन दिवस तो मेलेलाच होता. माझ्या फोनचा चार्जर नवा, दोन्ही टोकांना टाइप-सी. रात्रभर लावून ठेवला, दिवा लागेना. चुलतभावाला फोनवर चार शब्द ऐकवले, तर तो म्हणतो माझ्याकडे तर चालत होता. शेवटी दारव्ह्याच्या मोबाइल रिपेरिंगवाल्याकडे नेला. त्यानं उघडलाही नाही. ड्रॉवरमधली जुनी केबल काढली, एका टोकाला चपटा यूएसबी असलेली, आणि जुन्या चार्जरला लावली. दिवा लागला. "भाऊ, वस्तू चांगली हाय. तुमचा चार्जरच जास्त शहाणा हाय." गोष्ट अशी की दोन्हीकडे टाइप-सी असलेला चार्जर, समोरच्या यंत्रात 5.1 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा एक बारीकसा भाग, सापडल्याशिवाय वीज सोडतच नाही. स्वस्त यंत्रांत काही पैशांचा हा रेझिस्टर वाचवलेला असतो. जुना चार्जर काही विचारत नाही, सरळ पाच व्होल्ट देतो. माझे दोन दिवस आणि भावाशी झालेलं भांडण, त्या रेझिस्टरपायी.

मग गेम साठवायचं मेमरी कार्ड. यंत्रासोबत आलेलं कार्ड बिननावाचं होतं, तिसऱ्या आठवड्यात गेम मध्येच अडकू लागले. अशी कार्डं फार टिकत नाहीत. पहिल्याच दिवशी सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवायला हवं होतं. मी उशिरा केलं, तरी बरंचसं वाचलं. नवीन घेताना 64 जीबीचा मोह झाला, पण यंत्राला कार्ड एफएटी32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेलं लागते आणि माझ्या विंडोजच्या फॉरमॅटच्या चौकटीत 32 जीबीच्या वर तो पर्यायच दिसेना. 32 चं आणलं. तेही जास्तच आहे. 1985 चा अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स 40 केबीचा. आमच्या ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा एक फोटो त्याहून मोठा असतो. कार्डात आधीच हजारो गेम भरून आले होते. त्यातल्या बहुतेकांचा हक्क अजून मूळ कंपन्यांकडे आहे, हे विकणारा सांगत नाही. मला त्यातले दहा-बाराच लागतात, बाकी यादी खाली-वर करण्यातच रात्र जाते.

खेळताना कळलं की सगळा हिशेब पडद्याचा आहे. तो चौकोनी, 240 बाय 240 ठिपक्यांचा. गेम बॉय म्हणजे निन्टेंडो कंपनीचं हातात धरायचं गेमयंत्र. त्यातल्या 2001 च्या गेम बॉय ॲडव्हान्सचं चित्र 240 बाय 160, म्हणजे रुंदीला ठिपक्याला ठिपका बसतो. वर-खाली चाळीस-चाळीस ओळी काळ्या राहतात, पण चित्र सुरीनं कापल्यासारखं स्वच्छ. 1989 च्या जुन्या गेम बॉयचं मात्र 160 बाय 144. पडदा भरायचा तर दीडपट ताणावं लागते, आणि अर्धा ठिपका तर दाखवता येत नाही, म्हणून काही रेघा जाड, काही बारीक, माणूस पळू लागला की अंगावर मुंग्या चालल्यासारखं दिसते. न ताणता ठेवलं तर चित्र दोन सेंटिमीटरही रुंद नाही. जिथे गोष्ट वाचत पुढे जावं लागते ते गेम मी सोडूनच दिले.

काँट्रा या गोळीबाराच्या गेमसाठी तर हा घेतला होता. लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेममध्ये कॅसेट फुंकून लावायचो. सुरुवातीला बटणं दाबायची वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, आणि तीस लाइफ. बोटांना अजून पाठ आहे. पण पाईप ओढून फुटलेल्या अंगठ्याखाली चारही दिशांची बटणं एकदमच येतात. तिरकी गोळी मारायला जातो आणि माझा गडी पाण्यात उडी मारतो. तीस लाइफ दुसऱ्या लेव्हललाच संपले.

तरी खिशातून तो निघत नाही, त्याला कारण एकच बटण. ते दाबलं की गेम आहे तिथेच जपून बंद होतो. मोटारचा आवाज बदलला, दाबलं, खिशात टाकलं, पळालो. अर्ध्या तासानं उघडलं तर मारिओ हवेत तिथेच लटकलेला. बॅटरी अडीच तासांच्या आसपास जाते, म्हणजे जवळपास पाईपची एक पाळी. दुसऱ्या पाळीला पॉवर बँक, आणि आता सोबत ती जुनी केबल.

परवा बाबा सोबत होते. बराच वेळ शेकोटीपलीकडून पाहत होते, मग म्हणाले, "आण बरं इकडे." त्यांना टेट्रिस लावून दिला, वरून पडणाऱ्या विटा रचायच्या. कुटाराची गंजी आयुष्यभर रचलेला माणूस, समजावून सांगावं लागलं नाही. पण जवळ धरलं तर धूसर, आणि हात लांब नेला तर विटा मोहरीएवढ्या. चष्मा वर केला, खाली केला. चार ओळी बसल्या, पाचव्यात भोक राहिलं.

"तूच खेळ बापा," म्हणाले आणि टॉर्च उचलला. "मी नोझल पाहून येतो."