दोन अनामतींच्या मधले दिवस

११ मे, सोमवार

घरमालक काकांनी शेवटी आकडा सांगितला. जूनपासून १२,५००. आत्ता पुण्यात कर्वेनगरच्या या वन आरकेचे ११,००० भरतेय. "सगळीकडे दहा टक्के वाढवतात, मी काही जगावेगळं मागत नाही," म्हणाले. दहा टक्क्यांनी १२,१०० होतात काका, म्हटलं. "अहो, राउंड फिगर!" राउंड फिगर नेहमी वरच्याच बाजूला कशी जाते कोण जाणे.

दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवायचे आणि रात्री स्वतःचा, हे आता अंगवळणी पडलंय. पगार ३१,०००. पोटगीचे ४,००० कोर्टाने लिहून दिलेत, पण ते मी उत्पन्नात धरत नाही. आले तर 'इतर जमा', नाहीतर रकाना कोरा. १२,५०० भाडं परवडणार नाही हे कळायला टॅली उघडावं लागत नाही. घर बदलायचं.

मग कागद घेतला. नव्या घराला लागतील ते: अनामत ३०,०००, पहिलं भाडं साधारण ९,५००, एजंटची एका महिन्याची दलाली तेवढीच, कराराचा निम्मा खर्च १,५००, टेम्पो नि हमाल ३,५००. झाले ५४,०००. खात्यात १७,०००. म्हणजे ३७,००० कमी.

चीड येते ती याची की माझे ३०,००० आहेत. आहेत, पण काकांकडे. किल्ली परत दिल्याशिवाय ते मिळणार नाहीत, आणि ते मिळाल्याशिवाय दुसरी किल्ली हातात येणार नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं अनामतीतून वळतं करा असं सगळे सांगतात. मी विचारलंही. काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं. आपण 'पैसे नाहीत' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ते असतात, फक्त पंधरा-वीस दिवस भलत्याच्या खिशात असतात.

१४ मे, गुरुवार

वारज्यात दोन, शिवण्यात एक घर पाहिलं. वारज्याच्या पहिल्या मालकीणबाईंनी पंख्याच्या बटणाआधी विचारलं, "मिस्टर काय करतात?" वेगळे झालोत, म्हटलं. मग "पाहुणे फार येतात का?" आणि शेवटी "करारावर सही करायला घरचं कुणी पुरुषमाणूस असेल ना?" सही माझी, भाडंही माझंच, म्हणून जिना उतरले. एजंट पायऱ्यांवर कुजबुजला, "मॅडम, पुढच्या वेळी मिस्टर दुबईला असतात सांगा." त्याला माझी खरोखर काळजी वाटत होती, म्हणून काही बोलले नाही.

शिवण्याचं बरं आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी एक वेळ. पण चक्क वन बीएचके, ९,५०० मध्ये. मालक निवृत्त आहेत. त्यांनी फक्त नोकरी कुठे ते विचारलं आणि माझ्या लेकीला, ओवीला, विचारलं कितवीत जाणार. "पाचवीत." संपली मुलाखत.

भाड्यात १,५०० वाचले म्हणून नाचायचं कारण नाही. इथून शाळा पायी होती, तिथून व्हॅन लागेल, महिना १,१००. उरले ४००, तेही माझ्या स्कूटीच्या टाकीत जाणार. म्हणजे घर बदलून मी पैसे वाचवतेय असं नाहीच. वाढणारे पैसे थांबवतेय आणि ओवीला अभ्यासाला दार असलेली खोली मिळतेय.

१६ मे, शनिवार

भिशी होती. दहा जणी, दर महिना २,०००, म्हणजे उचल २०,००० ची. माझा नंबर अजून लागलेला नाही. शिंदेकाकूंनी चिठ्ठ्यांचा डबा हातात घेतला तेव्हा म्हटलं, काकू, थांबा. या महिन्याची मला द्या, घर बदलतेय. एक वहिनी लगेच म्हणाल्या, असं करायला लागलो तर चिठ्ठी कशाला टाकायची? मुद्दा बरोबरच होता. त्यांच्या घरी गणपतीत रंगकाम आहे, त्यांनाही हवेच होते. शेवटी ठरलं की गणपतीच्या महिन्यात त्यांना चिठ्ठीविना द्यायचे. हा तोडगा शिंदेकाकूंचा. घरी जाताना त्यांनी पिशवीत अर्धं कलिंगड घातलं.

बँकेच्या वैयक्तिक कर्जापेक्षा भिशी मला कधीही बरी वाटते. व्याज नाही. पण शब्द जातो, आणि तो परत मिळवायला हप्त्यांची सोय नसते, हेही तितकंच खरं.

आता उरले १७,०००. शिवण्याच्या काकांना फोन केला: अनामतीतले २०,००० कराराच्या दिवशी, १०,००० जुनी अनामत मिळाली की. "चालेल, पण लिहून घेऊ," म्हणाले. एजंटही निम्मी दलाली नंतर घ्यायला तयार झाला. त्याचे ४,७५०. राहिले २,२५०.

२० मे, बुधवार

ते २,२५० फडताळात सापडले. या महिन्यात किराणा भरलाच नाही म्हटलं तरी चालेल. एरवी ४,२०० चा होतो, यंदा १,९०० मध्ये बसवला. तेल, दूध, भाजी, कांदे-बटाटे, बास. बाकी घरातलं संपवायचं. नाहीतरी भरलेले डबे तिसऱ्या मजल्यावर चढवायचे हमाल पैसे घेणार. कुळीथ निघाले, दोन प्रकारच्या शेवया, तळाशी वाटीवाटी उरलेल्या चार डाळी, मागच्या वर्षीची भाजणी. चारही डाळी एकत्र भिजवून धिरडी केली. ओवी म्हणाली, "आई, आपण हॉटेलसारखं रोज नवीन खातोय." तिला आत्ताच सगळं सांगायची गरज नाही.

दुपारी बोहारीण आली. माझ्या दोन जुन्या साड्या, ओवीचे लहान झालेले फ्रॉक, एक जीन्स. तिने साडी उन्हाकडे धरली, काठाजवळचं विरलेलं बोटाने दाखवलं आणि हातभर लांबून एक चाळणी ठेवली. मी झाकणाच्या डब्यावर बोट ठेवलं. "त्याला पँटी लागतात, ताई. जेन्टसच्या." जेन्ट्स नाहीत आमच्याकडे, म्हटलं. तिने वर पाहिलं, मग गाठोडं परत सोडलं नि डबा काढला, फक्त एक फ्रॉक अजून मागितला. डबा दोन किलोचा आहे, झाकण घट्ट बसतं. वाजवून पाहिलं, पत्रा जाड आहे.

संध्याकाळी आईचा फोन. रविवारपासून अधिक महिना लागलाय, १५ जूनपर्यंत आहे, त्यात कुणी घर बदलतं का? मी म्हटलं, आपण वास्तू घेत नाही गं, अकरा महिन्यांचा करार करतोय. शिवाय टेम्पोवाला ३,५०० वरून ३,००० वर आलाय तो अधिकामुळेच, एरवी मे अखेरीला छोटा हत्ती मिळायची मारामार. आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मी येते सोमवारी. डबे तुला नीट भरता येत नाहीत."

२३ मे, शनिवार

करार झाला. एजंटचा पोरगा मशीन घेऊन घरीच आला, अंगठे घेतले, फोटो काढले. मालकांनी हिशेब विचारला तेव्हा गोंधळला, मग मीच सांगितलं: अकरा महिन्यांचं भाडं, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या सगळ्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. आमचं तीनशेच्या आत बसतं. नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत १,०००. बिल ३,००० चं, म्हणजे उरलेली बरीचशी त्यांची मेहनत. निम्मे मालकांनी लगेच दिले.

करार नोंदवलेलाच हवा, असा मी हट्ट धरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. पण माझं कारण साधं आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे सगळीकडे तोच लागतो. गॅसचा पत्ता, बँक, आधार. बालसंगोपन योजनेचा अर्जही त्यासाठीच थांबलाय. एकल पालकांच्या मुलांना महिना २,२५० मिळतात, ऑफिसातल्या ताईंनी सांगितलं. मिळाले तर ओवीच्या खात्यात, मी हिशेबात धरणार नाही.

२८ मे, गुरुवार

सामान हलवायला मुद्दाम गुरुवार धरला, शनिवार-रविवारी भाव चढतो. आई फलटणहून अर्ध्या तिकिटात आली, सोबत अनारसे. अधिकात ते जावयाला द्यायचे असतात. "जावई नाही तर नात आहे," म्हणाली आणि डबा ओवीच्या मांडीवर ठेवला. काचेचे ग्लास साड्यांत गुंडाळले, पुस्तकं छोट्या खोक्यांत (मोठ्यात भरली की तळ निसटतो, हमाल आधी हेच सांगतात), मीठ-हळद नि देव आईच्या मांडीवर. जुन्या घरात निघताना प्रत्येक भिंतीचा, नळाचा, वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढला. नव्या मीटरचाही.

टेम्पोत वाचलेले ५०० त्याच संध्याकाळी बल्ब, पडद्याचे हुक आणि नळाच्या वॉशरमध्ये गेले. आईने गॅसवर दूध उतू घातलं. ओवी म्हणाली, अर्धा लिटर वाया. माझीच पोर.

७ जून, रविवार

जुन्या घरमालक काकांचं "नवीन भाडेकरू आला की देतो" सुरू झालं होतं. करारात किल्लीच्या दिवशी असं लिहिलंय, तेवढी ओळ फोटो काढून पाठवली. आज बोलावलं. हातात २४,५००. "५,५०० रंगाचे." मोबाइलवर राहायला गेलो त्या दिवशीचे भिंतींचे फोटो दाखवले. ओल तेव्हाही तिथेच, खिडकीखाली. करारात 'नेहमीच्या वापराची झीज सोडून' असं आहे, तेही दाखवलं. काकू आतून म्हणाल्या, "अहो, द्या की, पोर आहे तिच्याबरोबर." पोरीमुळे मिळालेल्या सवलतीचा राग यावा की नाही, कळलं नाही. २७,५०० वर तुटलं. खिळ्यांच्या भोकांचे २,५०० सोडले, त्यासाठी अजून एक रविवार घालवायचा नव्हता.

येता येता नव्या काकांना १०,००० दिले आणि कराराच्या मागे त्यांची पोच घेतली. एजंटला ४,७५०. उरले १२,७५०, त्यातून वह्या-पुस्तकं नि गणवेश. आईने जाताना ३,००० उशीखाली ठेवले होते, ते बुटांना नि दप्तराला. भिशीचे हप्ते आहेतच.

व्हॅनवाल्या काकांना १५ तारखेचं सांगितलंय. पुढची सीट आधीच दुसऱ्या कुणीतरी धरलीय म्हणून ओवी रुसलीय.