सुधारणा म्हणायचं की फूट

31 ऑक्टोबर, शुक्रवार. आउग्सबुर्ग, जर्मनी

सकाळच्या मीटिंगला लायपझिगचं कुणीच नव्हतं. तिकडे आज रिफॉर्मेशनची, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेची, सुट्टी. आम्ही बायर्नवाले कॅथलिक मुलखातले, म्हणून आमची सुट्टी उद्या, सर्व संतांची. आणि उद्या शनिवार! बदली सुट्टी इथे मिळत नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या भांडणात माझी एक रजा बुडाली.

माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘आरके’ लिहिलेलं असतं, नवऱ्याच्या चिठ्ठीवर ‘ईव्ही’. रोमन कॅथलिक आणि इव्हँगेलिश, म्हणजे प्रोटेस्टंट. आयकराच्या 8 टक्के चर्चकर दोघांचाही कापला जातो, फक्त जातो वेगवेगळ्या तिजोरीत. मी वसईची. आमच्याकडे 1534 नंतर पोर्तुगीज आले, त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन आणि जेझुइट हे कॅथलिक धर्मसंघ आले. म्हणजे जर्मनीत देवळं (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) रोमच्या हातून निसटत होती, त्याच काळात वसईत ती उभी राहत होती. नवरा नगरचा. त्याच्या पणजोबांना ख्रिस्त भेटला तो अमेरिकन मिशनऱ्यांकडून, आणि ते काही ल्यूथरपंथी नव्हते. पण इथल्या नोंदणीच्या फॉर्मवर अमेरिकन मराठी मिशनसाठी रकाना कुठून असणार? ‘ईव्ही’वर खूण केली आणि एका सहीनिशी हा ल्यूथरचा झाला.

शाळेत ‘धर्मसुधारणा’ नावाचा धडा होता. पोपने पापमुक्तीची पत्रं विकली, ल्यूथरने विरोध केला, युरोप जागा झाला, चार मार्क. शाळा कॅथलिक, शिकवणाऱ्या सिस्टर. त्यांनी खडू खाली ठेवून सांगितलं होतं की ती पापाची क्षमा नव्हे. पापनिवेदन झाल्यावर जी शिक्षा भोगायची उरते, तिच्यात सूट. मग खडू उचलून म्हणाल्या, “परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहा.”

आता वाटतं, धड्याच्या नावातच निकाल लागलेला होता. ‘सुधारणा’ म्हटलं की आधीचं ते बिघडलेलं. आपल्याकडे 1857 ला कोण बंड म्हणतो आणि कोण स्वातंत्र्ययुद्ध, यावरून माणूस कुठे उभा आहे ते कळतं, तसंच. इथल्या जुन्या कॅथलिक पुस्तकांत रिफॉर्मेशनला ‘ग्लाउबन्सश्पाल्टुंग’ म्हणत, म्हणजे श्रद्धेची फूट. 2017 साली पाचशे वर्षं झाली तेव्हाही प्रोटेस्टंट म्हणत होते ‘युबिलेउम’, महोत्सव. कॅथलिक बिशपांचं म्हणणं, घर फुटलं त्याचा महोत्सव कसला? ‘गेडेंकन’ म्हणा, स्मरण.

खिळ्याचं तर आणखी मजेशीर. पापमुक्तीच्या पत्रांविरुद्धची ल्यूथरची 95 कलमं विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर ठोकली गेली हे चित्र कुणाला माहीत नाही? 1961 साली एर्विन इझरलो नावाच्या कॅथलिक धर्मगुरू-इतिहासकाराने सांगितलं की ठोकणं झालंच नाही. ल्यूथरने स्वतः कुठे तसं लिहिलेलं नाही. त्याचा सहकारी मेलान्चथोनने लिहिलं ते ल्यूथरच्या मृत्यूनंतर, आणि तो 1517 मध्ये विटेनबर्गला आलेलाही नव्हता. प्रोटेस्टंट भडकले, आमचा हातोडाही काढून घेता का म्हणून. पण इझरलोचा मुद्दा पाहिला तर तो ल्यूथरच्याच बाजूने जातो. त्या 31 ऑक्टोबरला ल्यूथरने माइंझचा आर्चबिशप आल्ब्रेख्तला पत्र लिहिलं, ते पत्र खरं आहे. म्हणजे माणूस दार ठोकायला निघाला नव्हता, वरिष्ठांकडे रीतसर अर्ज करत होता. वरिष्ठांनी ऐकलं नाही, तर फूट कुणी पाडली? एका कॅथलिकाने हे लिहावं याचं मला कौतुक वाटतं. पुढे 2006 मध्ये ल्यूथरच्या मदतनिसाची, रोररची, एक टिपण चर्चेत आली. तिच्यात विटेनबर्गच्या चर्चच्या दारांवर कलमं लावल्याचा उल्लेख आहे. वाद पुन्हा सुरू. दार मात्र 1760 च्या लढाईत जळून गेलंय.

संध्याकाळी सांक्ट आन्नामध्ये उपासनेला गेलो. नवऱ्याचं चर्च, मी पाहुणी. 1518 च्या ऑक्टोबरात पोपचा दूत कार्डिनल कायेतानसमोर जबाब द्यायला ल्यूथर या शहरात आला, तेव्हा इथल्याच कार्मेलाइट मठात उतरला होता. याच चर्चच्या पश्चिम टोकाला फुग्गर या सावकार घराण्याची संगमरवरी कबर-कपेला, म्हणजे कबरींचं छोटं प्रार्थनागृह, आहे. आर्चबिशप आल्ब्रेख्तला पदासाठी रोमला जी रक्कम भरायची होती ती याकोब फुग्गरने कर्जाऊ दिली, आणि पापमुक्तीच्या पत्रांच्या विक्रीतला अर्धा वाटा ते कर्ज फेडायला गेला. ज्याच्या हिशोबवहीतून हे सगळं पेटलं, तो सावकार शेवटपर्यंत कॅथलिक राहिला आणि आज ल्यूथरपंथी चर्चमध्ये झोपलाय. गावाकडे असं असतं तर लोकांनी गोष्ट रचली असती की रात्री उठून व्याज मोजतो.

वाचन रोमकरांस पत्रातलं, तिसरा अध्याय. जर्मनमध्ये ऐकू आलं, ‘आलाइन’, केवळ विश्वासाने. नवऱ्याने फोनवर मराठी बायबल काढून माझ्यापुढे धरलं: माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. ‘केवळ’ नाही. मूळ ग्रीकमध्येही नाही, ल्यूथरने घातला. आमची मंडळी तेव्हापासून ओरडतायत. त्यावर त्याने 1530 मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यातून उत्तर लिहिलं. इथे आउग्सबुर्गला त्याच्या लोकांचा विश्वासनामा सम्राटापुढे वाचला गेला होता, आणि राजाज्ञेने बहिष्कृत असल्यामुळे त्याला स्वतःला येता आलं नव्हतं. तो म्हणतो, जर्मन माणूस बोलतोच तसं: शेतकऱ्याने केवळ धान्य आणलंय, पैसे नाहीत. आता हे मला पटतं. मराठीतही आपण म्हणूच की, फक्त भाजी आणलीय, दूध नाही. पण बायबलातल्याच याकोबाच्या पत्रात ‘केवळ विश्वासाने नव्हे’ असं सरळ लिहिलंय, त्याचं काय, हे मी नवऱ्याला लग्नाआधीपासून विचारतेय.

गंमत म्हणजे हे भांडण कागदोपत्री मिटलेलं आहे, आणि मिटलं तेही याच चर्चमध्ये. 31 ऑक्टोबर 1999 ला रोमच्या वतीने कार्डिनल कॅसिडी आणि ल्यूथरपंथीयांच्या वतीने बिशप क्राउझे यांनी इथे सह्या केल्या: माणूस तरतो तो कृपेनेच, यावर मूलभूत एकमत. सह्यांच्या आधीच शंभराहून जास्त जर्मन प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी विरोधात पत्रक काढलं होतं. रोमने शब्दांत गुंडाळलं, असा त्यांचा सूर. ज्या कारणासाठी घर सोडलं तेच निकालात निघालं तर वेगळं राहायचं कशासाठी, ही भीतीही त्यात असावी. हे माझं कॅथलिक कुचकट मत.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, सगळ्यांना बोलावलं. मी बाकावरच बसले. बोलावणं होतं, तरी पाय उचलला नाही.

1 नोव्हेंबर, शनिवार

सांक्ट उलरिखला मिस्सा, आमची कॅथलिक उपासना. मोठं बासिलिका आमचं आणि त्याच्या पुढ्यात चिकटून छोटं उलरिख त्यांचं. एकाच संताच्या नावाचे, भाऊबंदकीतल्या वाटणीसारखे दोन वाडे.

आज बाकावर बसायची पाळी नवऱ्याची. ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे आमच्या प्रभुभोजनाची, रांग पुढे सरकत होती आणि तो दोघांच्या छत्र्या मांडीवर घेऊन बसलेला, एस्टी स्टँडवर सामान सांभाळत बसतात तसा. 2018 मध्ये जर्मन बिशपांनी बहुमताने ठरवलं होतं की अशा मिश्र जोडप्यातल्या प्रोटेस्टंट जोडीदाराला, विचारपूस करून, ख्रिस्तप्रसाद द्यायला हरकत नसावी. सात बिशपांनी रोमला तक्रार केली. शेवटी निर्णय नाही, नुसती मार्गदर्शिका आली. आम्ही अजून कुणाला विचारलेलं नाही. लग्नाच्या वेळी मुलं कॅथलिक वाढवायचा प्रयत्न करीन, अशी माझी सही घेतली होती. ती मी सासूबाईंच्या समोर केली. त्या दिवशीपासून कुठलंही फादरांचं टेबल पाहिलं की मला पेन आठवतं.

1999 चा करार आत्म्याचा प्रश्न सोडवतो. हा बाकाचा प्रश्न आहे.

2 नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. वसईत आईने बाबांच्या कबरीवर झेंडू घातले, व्हिडिओ कॉलवर दाखवले. सासूबाईंचाही फोन आला. त्यांच्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. मेलं की हिशोब देवाकडे. गेल्या उन्हाळ्यात त्या इथे होत्या तेव्हा फुग्गराई दाखवली होती. 1521 ला फुग्गरने गरीब कॅथलिकांसाठी बांधलेली वस्ती, वर्षाचं भाडं अजून 88 सेंट, आणि रोज फुग्गर कुटुंबासाठी तीन प्रार्थना. त्या म्हणाल्या, “एवढ्या भाड्यात मी पाच म्हणेन गं.” तिन्हींत एक ‘नमो मरिया’, आम्हा कॅथलिकांची मरियेला केलेली प्रार्थना, आहे म्हटल्यावर गप्प झाल्या.

दुपारी पुन्हा बासिलिकात गेलो, बाबांसाठी मेणबत्ती लावायला. मी पेटीत नाणं टाकलं. रिकामी असावी, खणकन वाजलं. नवरा हसत म्हणाला, “कलम 27. नाणं वाजलं, बाबा सुटले.”

पेटीत नाणं वाजलं की मेलेल्याचा आत्मा सुटतो, या प्रचारावर ल्यूथरचं ते 27वं कलम. एरवी मीच हसले असते. हा विनोद आमच्या घरात दहादा झालाय. मी मेणबत्ती पेटवली आणि त्याच्याकडे न बघता उभी राहिले.

थोड्या वेळाने त्याने खिसा चाचपला. एक नाणं काढलं, आणि ते वाजू नये म्हणून फटीत बोट घालून हळूच आत सोडलं.