लॅमिनेटवर चढलेली पॉलिशची पुटे

लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटला अधूनमधून पॉलिश करावे, असे घरातल्या कुणालातरी हमखास वाटते, आणि कालांतराने त्या जमिनीवर धूसर, चिकट थर दिसू लागतो. आमच्या झोपण्याच्या खोलीत तेच झाले होते. अनवाणी पावलांचे ठसे उमटत, तिरपे ऊन आले की फडक्याच्या रेघा दिसत, आणि कितीही पुसले तरी जात नसत, कारण मळ पॉलिशच्या थरातच अडकलेला होता.

लॅमिनेटचा वरचा पापुद्रा मेलामाइन रेझिनचा असतो आणि झीज रोखण्यासाठी त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. त्यात काहीच मुरत नसल्यामुळे पॉलिश वरच साचते. म्हणून माझ्या मते लॅमिनेटला पॉलिशची मुळात गरजच नाही.

चकाकी आणणारी अनेक पॉलिशे अ‍ॅक्रिलिकची असतात. व्हिनेगरचा सल्ला सर्रास दिला जातो, पण व्हिनेगरने पाण्यातल्या क्षारांचे डाग निघतात, अ‍ॅक्रिलिकचा थर फारसा हलत नाही. तो मऊ पाडायला पॉलिश काढण्याचे अमोनियायुक्त द्रावण लागते. ते लॅमिनेटला चालते याची बाटलीवर खात्री करून घ्यावी आणि पलंगाखालच्या कोपऱ्यात आधी थोडे लावून पाहावे. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतो, म्हणून ब्लीच असलेले काहीही जवळपास नसावे आणि खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात.

खरी काळजी पाण्याची घ्यायची. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो; सांध्यातून पाणी शिरले की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. त्यामुळे बादली ओतणे, वाफेचा मॉप आणि तारेची घासणी वर्ज्य. द्रावणात बुडवून घट्ट पिळलेले फडके हातभर जागेवर फिरवावे व काही मिनिटे थांबावे. थर मऊ पडला की दुधाळ, राखाडी चिखलासारखा सुटू लागतो. तो जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच खरवडून लगेच टिपून घ्यावा, कारण वाळला तर पुन्हा चिकटतो. मग स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसून कोरडे करावे आणि पुढचा हातभर भाग घ्यावा. काम कंटाळवाणे आहे, घाई मात्र करू नये.

थर निघाल्यावर एखादी पट्टी पांढुरकी दिसली, तर तिथली छापील नक्षीच झिजलेली असू शकते, आणि तसे असेल तर ती पट्टी बदलण्यावाचून इलाज नसतो.