शिकागोचा टॉवर, स्केल १:७१४ : पन्नासावा मजला झाला, आता कोपरे कापायचे

तर भाऊहो, लेगोच्या विटांचा माझा सिअर्स टॉवर एकदाचा पन्नासाव्या मजल्याला लागला. २००९ पासून त्याचं नाव विलिस टॉवर आहे हे माहीत आहे, पण आपल्या लोकांत सिअर्सच चालते. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं का हे १:७१४ (खऱ्याच्या ७१४ पट लहान) काय भानगड आहे, सगळे १:६५० घेतात, तू काऊन नाही घेतलं, तर आधी तेच सांगून टाकतो, कारण या मॉडेलची खरी मजा तिथंच आहे.

टॉवरचा प्लॅन म्हणजे नऊ चौकोनी नळ्या, तीन बाय तीन एकमेकींना चिकटलेल्या. एकेक नळी ७५ फुटाची म्हणजे २२.८६ मीटर. १:६५० ला ती होते ३५ मिमी, म्हणजे ४.४ स्टड (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उठाव, एकाची जागा ८ मिमी), आता हा पॉइंट चार स्टड आणायचा कुठून? म्हणून मी उलटं केलं, नळी बरोब्बर ४ स्टडची धरली, ३२ मिमी, अन् स्केल जे निघालं ते घेतलं. ते निघालं १:७१४. उंची ४४२ मीटर, ती बसते ६१९ मिमीत. मजले १०८, म्हणजे सरासरी मजला ५.७ मिमीचा. एका मजल्याला प्लेट (विटेच्या एक तृतीयांश जाडीची पातळ वीट) लावायला गेलं तर जमत नाही, पण पाच मजले धरले का २८.६ मिमी, आणि तीन विटांची उंची २८.८ मिमी! पाच मजल्याला तीन विटा, झालं. पन्नास मजल्याला ३० विटा, ६६ ला ४०, ९० ला ५४, १०८ ला ६५. खऱ्या बिल्डिंगीत सगळे मजले एकसारखे नसतात हे मान्य, पण अर्धा मीटर लांबून पाहणाऱ्याला काय फरक पडते.

आणि आता खरी गोष्ट. बाहेरचे कॉलम १५-१५ फुटावर आहेत, म्हणजे एका नळीच्या तोंडाला पाच गाळे (गाळा म्हणजे एका कॉलमपासून दुसऱ्यापर्यंतची जागा). १५ फूट भागिले ७१४ केलं तर येते ६.४ मिमी. प्लेट केवढ्याची असते? ३.२ मिमी. म्हणजे एक काळी प्लेट कॉलमची, एक तपकिरी प्लेट काचेची, स्टड बाजूला येतील अशा आडव्या करून एकामागं एक रचत गेलं का गाळा तयार. दहा प्लेटा म्हणजे ३२ मिमी म्हणजे ४ स्टड, काही घासायचं नाही, काही कापायचं नाही. पाच प्लेट बरोबर दोन स्टड हे स्नॉट (स्टड वर न ठेवता बाजूला वळवून बांधणं) करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते, पण एखादी बिल्डिंगच त्या मापात बसून येईल असं मला वाटलं नव्हतं. हे कॅल्क्युलेटरवर दिसलं त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. तिनं "बरं" म्हणून कूस बदलली.

कोपऱ्यात मात्र गाडी अडते. आडव्या प्लेटांच्या भिंतीला एक स्टड जाडी लागतेच, ८ मिमी, म्हणजे अडीच प्लेट, आणि अर्धी प्लेट लेगोत नाही. चारही बाजूनं पाच-पाच खिडक्या कोणालाच जमणार नाही. मी पूर्व-पश्चिम भिंती पूर्ण रुंदीच्या घेतल्या, टोकाला गुळगुळीत काळी टाइल, आणि उत्तर-दक्षिण भिंती त्यांच्या मधात बसवल्या. पूर्ण तोंडावर खरे गाळे पंधरा, माझ्याकडं पूर्व-पश्चिमेला चौदा, उत्तर-दक्षिणेला तेरा. सांगितल्याशिवाय कोणी मोजत नाही. ज्यांना पंधराच पाहिजेत त्यांनी स्टिकर लावावे, मला स्टिकर आवडत नाही.

आतला गाभा साधा, दहा बाय दहा स्टडचा, त्यात पोट्ट्यांच्या जुन्या डब्यातल्या लाल-पिवळ्या-हिरव्या कोणत्याही विटा, बाहेरून दिसतच नाही. बाहेरची भिंत धरायला साइडला स्टड असलेल्या विटा दर पाच विटांच्या उंचीला, कारण पाच विटा ४८ मिमी आणि सहा स्टडही ४८ मिमी, तिथं उभं-आडवं माप परत जुळून येते. तीस विटा म्हणजे छत्तीस स्टड. २९ ते ३२ मजल्यावर मशिनरीचा काळा पट्टा आहे, तो बसला विसाव्या स्टडपासून तेविसाव्यापर्यंत, तीन स्टड पूर्ण काळे. याच्यासाठी १ बाय ३ च्या प्लेटा लागल्या आणि त्याच माझ्याकडं सगळ्यात कमी होत्या.

कोपरे कापायच्या आधी आणखी एक हिशोब. पन्नासावर दोन समोरासमोरचे कोपरे बंद होतात, सहासष्टावर उरलेले दोन, मग नव्वदपर्यंत अधिकच्या चिन्हासारखा आकार, आणि नव्वदच्या वर फक्त मधली आणि पश्चिमेची नळी. मला वाटलं वर जाता जाता प्लेटा कमी लागतील. अजिबात नाही! तीन बाय तीनच्या चौकटीचा कोपरा काढला तर दोन तोंडं जातात आणि आतली दोन उघडी पडतात, परीघ तोच, बारा तोंडं. थेट नव्वदाव्या मजल्यापर्यंत बारा, त्यानंतर एकदम सहा. ऑर्डर देताना हे लक्षात ठेवा, सगळ्या मिळून १ बाय ६ च्या प्लेटा हजाराच्या वर जातात.

ऑर्डरचं तर बोलूच नका. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. सरकारचं म्हणणं देशात कारखाने वाढावे, ठीक आहे, पण सुटी १ बाय ६ काळी प्लेट इथं बनवते कोण? बाहेरून मागवली तर प्लेटेपेक्षा पोस्ट महाग, आणि आमच्या गावात कुरिअरवाला येतच नाही, तालुक्याला जाऊन घ्यावं लागते. म्हणून गाभ्याला आणि आतल्या भरावाला मी नागपूरच्या इतवारी बाजारातून किलोवर मिळणाऱ्या नकली विटा घेतो. चिमटा, म्हणजे विटांची एकमेकींवरची पकड, ढिला असते, पण आत चालून जाते. बाहेर असलीच. नकलीची काळी उन्हात लवकर राखट दिसते, आणि आमचं ऊन तुम्हाला माहीत आहे.

परवा शेजारचे मिस्त्रीकाका ओळंबा घेऊनच आले, पोट्ट्यांनी सांगितलं असन. दोरी लावून चारही बाजू पाहिल्या, म्हणे ठीक आहे. मग विचारते, "काऊन रे, एवढी उंच बिल्डिंग वाऱ्यानं हालत नसन का?" हालते ना काका. "मंग पडत काऊन नाही?" त्यांना सांगितलं का फझलूर खान नावाचे इंजिनिअर होते, ढाक्याचे, त्यांची युक्ती आहे, जवळजवळ कॉलम लावून नळी करायची आणि नऊ नळ्या एकत्र बांधायच्या, मधल्या भिंती सामायिक, म्हणून वारा सगळ्या मिळून झेलते. काका म्हणे, "हां, तुऱ्हाटीची मोळी." मी इतके दिवस इंग्रजीतून वाचून राहिलो, काकांनी दोन शब्दांत गुंडाळलं. १९७४ ला बांधून झाला हा टॉवर, पण जगात सगळ्यात उंच राहिला १९९८ पर्यंत.

आता घाई अशी का सितादही (वेचणीच्या आधीची कपाशीची पूजा) झाली का वेचणी सुरू, आणि कापूस याच खोलीत येते. छतापर्यंत. एकदा सरकी-रुई स्टडमध्ये गेली का ब्रशनंही निघत नाही, त्यामुळं त्याच्या आधी सहासष्टावर जाऊन पूर्ण टॉवर आईच्या लोखंडी कपाटावर चढवायचा आहे. आईची परवानगी मिळाली, अट एक, कपाटाचं दार उघडलं पाहिजे.

वरच्या दोन पांढऱ्या अँटेनांचं अजून ठरलं नाही. पश्चिमेची टोकापर्यंत ५२७ मीटर जाते, म्हणजे छताच्या वर ८५ मीटर, आपल्या स्केलला ११९ मिमी. ३२ मिमीचे बार जोडून चार लागतील, पण बार खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा राहते आणि खरी अँटेना वर बारीक होत जाते. खाली १ बाय १ च्या गोल विटा, मधात बार, टोकाला लेगोची बारीक अँटेना, असा विचार आहे. कोणी केलं असन तर कोणता पांढरा रंग जुळते ते सांगा, माझ्याकडचे जुने पांढरे पिवळे पडले आहेत.