भिंतीपलीकडचा धैवत

ग्वाल्हेर, डिसेंबर. रात्रीचे साडेदहा.

आज तानसेन समारोहाच्या मैफलीहून परत येताना शेजारच्या काकूंना सांगून टाकलं. एकोणीस वर्षं राहून गेलं होतं.

जनकगंजातल्या आमच्या जुन्या वाड्यात त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. पहाटे पाचला तंबोरा लागायचा, मग खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, मग भैरव राग. काकूंचा गळा मुळातच बसका. भैरवातला धैवत, म्हणजे ‘ध’, कोमल, त्यात आंदोलित, हलका झुलवायचा. तिथे त्यांचा सूर हमखास घसरायचा. मग गाणं थांबायचं. क्षणभर नुसता तंबोरा, आणि पुन्हा षड्जापासून सुरुवात. चुकलं ते तसंच पुढे रेटलंय, असं मी कधी ऐकलं नाही. संगीत विशारदच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या. मैफलीत तर कधी बसल्याच नाहीत.

त्यांच्याबद्दल खोटं कशाला लिहू? नळावरून आईशी कडाकडा भांडायच्या. सुनेला चारचौघांत टाकून बोलायच्या. ते मला तेव्हाही आवडायचं नाही, आजही आवडत नाही.

मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाले, त्या हिवाळ्यातली गोष्ट. ताळेबंद काही केल्या जुळायचा नाही. फरक राहिला की मी कुठला तरी आकडा खोडून बेरीज बसवायची, नाहीतर वही फेकायची. एका पहाटे अशीच फेकली आणि पलीकडे काकूंचा धैवत घसरला. थांबल्या. पुन्हा सा. गोधडीत पाय घेऊन मी मोजत बसले. अकरा वेळा. अकराव्यांदाही तो नीट लागला नाही, पण पुढचा सा पहिल्याइतकाच शांत होता.

मी वही उचलली, कोरं पान काढलं आणि रोजकीर्दीतल्या पहिल्या नोंदीपासून एकेक खतावणी तपासत आले. उजाडता उजाडता सापडलं. खरेदी परतीची एक रक्कम जमेऐवजी नावे मांडली होती, आणि फरक बरोबर तिच्या दुपटीचा होता. किती साधी चूक! तिच्यापायी मी शिक्षण सोडायला निघाले होते.

आज लोकांचे हिशेब लिहून माझं घर चालतं. आकडा अडला की अजूनही पहिल्या नोंदीवर जाते.

ग्वाल्हेरात आम्ही लहानपणापासून एक कथा ऐकत आलो. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या गायक भावांनी शिंदे दरबारात पडद्याआड बसून उस्ताद बडे मुहम्मद खाँची गायकी उचलली, आणि खाँसाहेबांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची हीच गायकी महाराष्ट्रात नेली. 1924 पासून चालत आलेल्या या समारोहात, तानसेनाच्या समाधीपाशी बसले की ती कथा आठवतेच. आज मात्र शेजारी शाल गुंडाळून बसलेल्या काकूंकडे बघत राहिले. पडद्याआड कान देणाऱ्यांना पलीकडे मोठा उस्ताद मिळाला होता. माझ्या भिंतीपलीकडे न लागणारा धैवत होता, आणि मला तोच हवा होता. सहज लागलेल्या सुरानं मला त्या पहाटे उठवलं नसतं.

समाधी आहे त्या हजिऱ्याहून रिक्षात बसल्यावर सगळं सांगितलं. वही, अकरा वेळा, सगळं. त्या काही बोलेनात. महाराज बाड्याच्या चौकापर्यंत माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "अगं, तू अभ्यासाला बसायचीस म्हणून मी खिडकी लावून घ्यायचे. म्हटलं, माझ्या बेसूर गाण्याचा पोरीला त्रास नको."

मला वाटायचं, थंडीसाठी लावतात.

घराशी उतरताना त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे, सगळं ऐकू यायचं तुला?"