कार्तिक ते वैशाख : आमची वाटचाल

२०२२च्या जूनमध्ये पाऊस चांगला लागला त्या आठवड्यात आमच्या ॲपवरच्या ८६ वर्गण्या एकाच दिवसात बंद झाल्या. कुडाळच्या आमच्या गाळ्यात मी आणि संकलन करणारी दोन मुलं स्क्रीनसमोर बसलो होतो. ॲप बिघडलं असणार, असंच आधी वाटलं. तपासलं, तर ॲप ठणठणीत होतं. लोक जाणूनबुजून चालले होते. मार्चमध्ये ३,१०० वर्गणीदार होते, ऑगस्ट उजाडेपर्यंत ११५० उरले.

आम्ही दशावतार दाखवतो. सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणारी नाटकं चित्रित करायची आणि वर्गणी भरणाऱ्यांना मोबाइलवर, टीव्हीवर दाखवायची, हा आमचा धंदा. सुरुवात मात्र लग्नाच्या शूटिंगने झाली, २००३ साली. पुढे राजाचं काम करणाऱ्या गाजलेल्या नटाची, गाजलेल्या स्त्रीपार्टीची (बाईचं काम करणाऱ्या पुरुष नटाची) नाटकं व्हीसीडीवर उतरवून जत्रेत टेबल मांडून विकायला लागलो. मुंबईहून आलेले चाकरमानी परतीच्या एसटीत बसण्याआधी चार-पाच सीडी घेऊन जात. २०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोन हंगामांत ते टेबल बंद पडलं. तीच नाटकं लोक यूट्यूबवर फुकट पाहू लागले. त्यातली बरीच आमच्याच सीडींवरून चढवलेली होती.

२०२०च्या मार्चमध्ये मंडळींचा, म्हणजे दशावताराच्या नाटक कंपन्यांचा, हंगाम अर्ध्यात थांबला. दशावतारी मंडळी कार्तिकात पेटारा उचलते ती वैशाखातच खाली ठेवते. कुठल्या तिथीला कुठल्या गावात नाटक, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्या वर्षी शिमग्यानंतरच्या सगळ्या तिथी तशाच गेल्या. कलाकारांना नाईट (रात्रीच्या प्रयोगाचं मानधन) मिळेना. पुढच्या कार्तिकात देवळं उघडली, पण जत्रा मानकऱ्यांपुरत्या झाल्या. तेव्हा एका मंडळीचे मालक गाळ्यात येऊन म्हणाले, की प्रेक्षक येत नसेल तर आपण त्याच्या घरी जाऊ. त्यांच्या त्या एका वाक्यावर मी पतसंस्थेचं कर्ज काढलं.

ॲप बनवायला एका आयटी कंपनीला दिलं. पैसे आगाऊ घेतले, काम अर्धवट दिलं आणि सोर्स कोड आजपर्यंत हाती आलेला नाही. पुढे एका स्थानिक मुलाने सगळं नव्याने लिहिलं, तेच आज चालतंय.

वर्गणी ठेवली महिना ४९ रुपये. वडापाव आणि दोन चहांचे पैसे, असं आम्ही जाहिरातीत म्हणायचो. हा आकडा आम्ही हिशेब न मांडता ठरवला होता. मांडला तो दीड वर्षाने. ४९ मधले साडेसात रुपये जीएसटीचे, कारण या सेवेवर १८ टक्के कर आहे. ॲप ज्या स्टोअरवरून डाउनलोड होतं त्यांचे १५ टक्के, म्हणजे सहा रुपयांच्या वर. उरले ३५. त्यातले अर्धे मंडळींना, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा शब्द. हातात साडेसतरा. आता नाटक चार तासांचं. चांगल्या दर्जाचं चित्र सेकंदाला दोन मेगाबिटने जातं, म्हणजे एका नाटकाला ३.६ जीबी. प्रेक्षकापर्यंत पोचवण्याचे तेव्हा आम्हाला जीबीमागे चार रुपये पडत. म्हणजे एका नाटकाला १४ रुपये ४० पैसे. महिन्यात दुसरं नाटक लावणाऱ्या माणसावर आम्ही तोटा सोसत होतो आणि आमचे सगळ्यात जिव्हाळ्याचे प्रेक्षक महिन्याला आठ-आठ नाटकं पाहत होते. सीडी एकदा विकली की विकली, ती शंभर वेळा बघितली तरी आमच्या खिशातून काही जात नसे. इथे प्रत्येक बघण्याला पैसे लागतात. हा फरक मला समजायला फार उशीर लागला.

त्यातच १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला. कार्डावरून आपोआप कापली जाणारी वर्गणी ग्राहकाने नव्याने मंजूर केल्याशिवाय कापता येईना. नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे, मला तो पटतो. पण त्या महिन्यात आमचे कितीतरी वर्गणीदार न सांगता गेले. आपली वर्गणी थांबली आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही यूपीआयच्या ऑटोपेवर गेलो. तिथे पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाते. हंगामात तिच्याकडे कुणी बघत नाही. जूनमध्ये, मंडळी घरी बसलेली असताना ‘उद्या ४९ रुपये कापले जातील’ असा मेसेज आला की माणूस तिथल्या तिथे वर्गणी बंद करतो. त्या ८६ जणांनी तेच केलं होतं.

त्या दिवसांत मी मोठ्या कंपन्यांच्या बातम्या रात्री जागून वाचायचो. २०२२च्या पहिल्या सहामाहीत नेटफ्लिक्सने जगभरात सुमारे १२ लाख वर्गणीदार गमावले होते. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी भारतातला ४९९चा प्लॅन १९९वर आणला होता. हॉटस्टारचं तर मला आमच्यासारखंच वाटलं. आयपीएलचे डिजिटल हक्क २०२३ पासून व्हायकॉम१८कडे गेले, सामने जिओसिनेमावर फुकट दिसू लागले आणि हॉटस्टारचे वर्गणीदार वर्षभरात सहा कोटींच्या वरून चार कोटींच्या खाली आले. माणसं क्रिकेटसाठी आली होती, क्रिकेट गेल्यावर गेली. पुढे २०२४ मध्ये जिओसिनेमाने महिना २९ रुपयांत सगळं दिलं, तेव्हा आमचे ग्राहक फोन करून विचारू लागले, ‘ते एवढं देतात २९ला, तुमचे एवढे कशाचे?’ त्यांच्यामागे अब्जावधींचं भांडवल आहे. माझ्यामागे पतसंस्थेचा हप्ता.

सोडून गेलेल्यांना मी एकेक करून फोन लावले. महिनाभर रोज वीस. ॲपबद्दल तक्रार जवळपास कुणाचीच नव्हती. लालबागला राहणारे, मूळचे वेंगुर्ल्याकडचे एक निवृत्त गिरणी कामगार म्हणाले, “अरे झिला, पावसात खंय नाटकां? मंडळी घराक जावन तरवो (भाताची रोपं) लावतत. मी पैसे कित्याक भरू?” मी म्हटलं, काका, जुनी नाटकं आहेत की दीडशेवर. ते म्हणाले, “जुना माका पाठ आसा. तू माका काय ता वर्साचा एकदाच सांग. गणपतीक गावाक येतंय तेवा दुकानात देवन जातंय.”

माझ्या धंद्याचं उत्तर त्यांच्या या बोलण्यात होतं. गावात देवाच्या कामाची वर्गणी कुणी दरमहा देत नाही. कोकणी माणूस कार्यापुरते पैसे काढतो, आणि ते तोंड बघून, मनापासून देतो. मी त्याच्या खिशाला महिन्याचं बिल लावलं होतं आणि जूनमध्ये तो ते फाडत होता.

२०२३च्या कार्तिकापासून महिन्याची वर्गणी बंद केली. हंगामाची वर्गणी २९९ रुपये, कार्तिक ते वैशाख, एकदाच. आपोआप काही कापलं जात नाही. पैसे आमच्या वेबसाइटवर किंवा गाळ्यात येऊन द्यायचे, त्यामुळे स्टोअरचा हिस्साही वाचला. पावसाळ्यात कुणी ‘सोडून’ जात नाही, कारण पावसाळ्याचे पैसे आम्ही घेतलेलेच नसतात.

दुसरा बदल चित्राच्या दर्जाचा. लोक कसं बघतात हे फोनवर विचारलं तेव्हा कळलं, की बरेच जण बघत नाहीत, ऐकतात. मोबाइल उशाशी, पेटी आणि मृदंग कानावर, राजा-राक्षसाची वादावादी रंगली की स्क्रीनकडे वळायचं, युद्धाला उठून बसायचं. म्हणून आता नाटक मुळात सेकंदाला एक मेगाबिटने सुरू होतं. कुणाला हवं तर त्याने दर्जा वाढवावा. ट्रिकसीनच्या (चमत्काराच्या दृश्यांच्या) नाटकांना लोक तो वाढवतात. खर्च नाटकामागे सात रुपयांवर आला. एक माणूस हंगामात सरासरी बारा नाटकं पाहतो. २९९ मधून कर आणि मंडळींचा वाटा गेल्यावर १२६ उरतात, पोचवण्याचा खर्च ८६. माणशी ४० रुपये. हे कमी आहेत, पण आमचे आहेत.

मंडळींच्या वाट्यावरून मला फार वाईट दिवस बघावे लागले. सुरुवातीला सगळ्यांना सारखा देत होतो, तेव्हा नावाजलेल्या मंडळी नाराज. मग पाहिलेल्या तासांप्रमाणे दिला, तर दोन लहान मंडळींच्या हाती इतकं थोडं आलं, की त्यांच्या मालकांसमोर हिशेबाचा कागद ठेवताना माझा हात थरथरला. आता आम्ही चित्रीकरणाच्या प्रत्येक रात्रीची ठरावीक रक्कम आधी देतो आणि उरलेलं तासांवर वाटतो. नावाजलेल्यांपैकी एक मंडळी यामुळे सोडून गेली. मला त्याचं दुःख आहे, तरी ही पद्धत मी बदलणार नाही; लहान मंडळी बंद पडली तर तिच्या ठरलेल्या गावांची तिथी कोण करणार?

एका वर्गणीवर अख्खी चाळ नाटक बघते, हेही होतंच. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये घराबाहेरची वाटणी बंद केली, तेव्हा मलाही अनेकांनी तसंच करायला सांगितलं. पण भांडुपला दहा-पंधरा घरं एका खोलीत टीव्हीसमोर बसून जत्रेचं नाटक बघत असतील, तर त्यांना मी कसं उठवू? त्यांच्या मंडळालाच ३,००० रुपयांची हंगामी वर्गणी देऊ केली. गेल्या हंगामात ४६ मंडळांनी घेतली. दुबई, कुवेत, मस्कतकडच्या आणि त्यापलीकडच्या आमच्या माणसांसाठी १,४९९ ठेवली. ते ३१० जण. हिशेब खरा मांडायचा तर नफ्याचा मोठा भाग याच ३१० जणांचा आहे. देशातले ५,२०० वर्गणीदार धंदा जिवंत ठेवतात, परदेशातले त्याला श्वास देतात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच लग्नाच्या शूटिंगचे पैसे यात घालावे लागले नाहीत. संकलन करणाऱ्या दोन्ही मुलांचा वर्षाचा पगार इथूनच निघाला.

पावसाळ्यात आता आम्ही आडदशावतार चित्रित करतो. नाटकाच्या आधीचा हा भाग, गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, संकासुर, हल्ली वेळेअभावी खूप आटोपता घेतात. तो पूर्ण, जसा जुनी माणसं करत होती तसा, प्रत्येक मंडळीच्या पद्धतीने नोंदवून ठेवायचा. याचे वेगळे पैसे आम्ही कुणाकडून घेत नाही. चार मंडळींचं काम झालं. पाचव्या मंडळीत संकासुर करणारे काका ७४ वर्षांचे आहेत. मृदंगाला गोव्यातल्या पेडण्याचा आपला जुना साथीदार हवा, अशी त्यांची एकच अट आहे. त्या साथीदाराचा गुडघा दुखतो, बसने येणं जमत नाही. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी गाडी घेऊन त्यांना आणायला जाणार आहे.